दुखते तर दवा दे

शमीम आपांना राग यायला कारण लागत नाही, असं आमच्या गल्लीत सगळे म्हणत. मी बरीच वर्षं त्यांच्या शेजारी राहिले. कारण लागायचं. आणि ते बहुतेक वेळा इतकं उघड्यावर पडलेलं असायचं, की बाकीच्यांना राग कसा येत नाही याचंच मला नवल वाटायचं.

मी टपाल खात्यात. पांढरकवड्याला बदली झाली तेव्हा केळापूरच्या रस्त्याला लागून एक घर भाड्यानं मिळालं. पुढं गॅरेजांची रांग, मागं कापूस आणि तूर. आपांचे मालक रऊफभाई ट्रॅक्टरचे मिस्त्री, दिवसभर गॅरेजात. आपा ओसरीत मशीन मांडून ब्लाउज, फ्रॉक, शाळेचे गणवेश शिवायच्या. उंच बाई, हाडापेरानं मोठी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि ओठांत दोरा. दोरा ओठांत असेपर्यंत समोरच्यानं आपलं म्हणणं मांडून घ्यावं. तो बाहेर आला की मग आपा बोलायच्या, आणि दुसऱ्याला जागा उरायची नाही.

मागच्या अंगणाला तुराट्यांचं कुंपण होतं. तिथं खुराडं, आणि खुराड्यात गावरान कोंबड्या. रोज सकाळी आपा खुराड्याचं दार उघडायच्या आणि समोर पाटावर बसायच्या. हातात चहा. एकेक कोंबडी बाहेर यायची, अंग झाडायची, दाण्यावर धावायची. आपा दाण्यावर धावणारीकडे पाहायच्याच नाहीत. सगळ्यात शेवटी कोण येते, कोण येऊन बाजूला उभी राहते, कोणाची शेपटी खाली आहे, कोणाचे डोळे अर्धे मिटलेत, त्यावर त्यांची नजर. तो चहा संपेपर्यंत त्यांच्याशी कोणी बोललेलं त्यांना चालायचं नाही. कोंबड्यांना नावं मात्र त्यांनी कधी ठेवली नाहीत. काबरी, तांबडी, मोडक्या तुऱ्याची, अशा रंगारूपावरच ओळखायच्या. कारण आपांच्या घरी कोंबडी खात. ईदला, पाहुणा आला तर, रऊफभाईंच्या मनात आलं तर. प्राणिप्रेमाचा वगैरे त्यांना गंध नव्हता, आणि तसं कोणी म्हटलं तर त्या त्याच्यावरही चिडायच्या.

राहायला गेले त्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. सकाळी शेजारून आवाज आले म्हणून मी कुंपणापाशी गेले. आपांचे दीर आले होते. काबरी कोंबडी एक पाय उचलून उभी होती. पायाच्या तळव्याला सूज आणि मधोमध काळा खडा. दिरांनी सहज सांगितलं होतं, की लंगडी कोंबडी ठेवून काय करायचं, दुपारी कापून टाका. आपांनी ओठांतला दोरा काढला.

"आज भूक आहे काय तुले? नाही ना? मग काहून कापाची? पाय दुखते तिचा. दुखते तर दवा दे. कापाचं असन तर आत्ता, या घडीले काप. पण दुपारपर्यंत दुखू देऊन मग कापतो, हे चालाचं नाही."

हेच त्यांचं आयुष्यभराचं म्हणणं होतं. पुढं ते मी किती तरी तऱ्हांनी ऐकलं. खाणं वेगळं, तडफडत ठेवणं वेगळं. एक तर झटकन संपव, नाही तर बरं कर. मधल्या मोकळ्या जागेत जे जग निवांत बसलेलं होतं, त्याच्याशी आपांचं भांडण होतं.

दीर हसले आणि निघून गेले. आपांनी काबरीला बाजाराच्या पिशवीत घातलं, फक्त डोकं बाहेर, आणि ओळखदेख नसताना मला म्हणाल्या, "ताई, चाल माह्यासंगं. दवाखान्यात एकट्या बाईचं ऐकत नाहीत." मला ऑफिसला उशीर होणार होता, पण त्यांनी विचारलं नव्हतं, सांगितलं होतं.

जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर नव्हते. त्यांच्याकडे आणखी दोन ठिकाणांचा चार्ज होता. परिचरानं पिशवीत डोकावून पाहिलं आणि आधी हसून घेतलं. मग म्हणाला, "बाई, इथं ढोरं आणतेत. कोंबडीले कोण दवाखान्यात आणते? इच्या किमतीपेक्षा औषध महाग." बाहेर बैल घेऊन आलेली माणसंही हसली. एकानं मसाला कोणता वापरायचा ते सांगितलं.

आपा बाहेर गेल्या, दारावरची पाटी पाहून आल्या. पाटीवर गाय, बकरी आणि कोंबडी अशी तीन चित्रं होती. त्या परिचराला म्हणाल्या, "कोंबडी पुसून टाक. चुना मी आणून देते. नाही तर बाकावर बसू दे." आणि बसल्या. मांडीवर पिशवी, पिशवीत काबरी, दोघींची मान ताठ.

डॉक्टर दुपारी आले. उईके म्हणून होते, तरुण, उन्हानं करपलेले, मोटरसायकलवरून दिवसभर हिंडून कंटाळलेले. तेही हसतील अशी माझी खात्री होती. ते हसले नाहीत. त्यांनी काबरीला उचलून कुशीत धरलं, पाय पालथा करून पाहिला. खरखरीत जागी उडी मारून तळव्याला जखम होते, आत पू धरतो, वर हा खडा बसतो, असं समजावलं. कोमट मिठाच्या पाण्यात पाय धरायला सांगितला, खपली नरम झाल्यावर स्वतः पू काढला, पट्टी बांधली. मग शेजारच्या किराणा दुकानातून तराजू मागवून कोंबडी तोलली आणि वजनाच्या हिशेबानं दुखणं कमी करायचं पातळ औषध चोचीच्या कडेनं थेंबथेंब कसं द्यायचं ते दाखवलं. एकदम ओतलं तर श्वासात जाईल, म्हणाले. औषध चालू असेपर्यंत आणि नंतरही मी सांगेपर्यंत हिची अंडी खायची नाहीत, विकायची तर नाहीतच, हेही बजावलं.

आपांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "डॉक्टरसाहेब, खरंच दुखते काय तिले? हे तर ओरडत बी नाही."

"दुखतं, आपा. कोंबडी दाखवत नाही एवढंच. दाखवलं की बाकीच्या तिला टोचायला धावतात. म्हणून ती होईल तितकं लपवते. आपल्याला कळतं तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो."

परतताना आपा सगळा रस्ता गप्प होत्या. गप्प आपा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिल्या, आणि त्यानंतरही फार वेळा नाही.

त्या गप्प का झाल्या ते मला नंतर कळलं. एका दुपारी माझ्या ब्लाउजला हुक लावता लावता त्यांनी पुसदच्या धाकट्या बहिणीची गोष्ट सांगितली. बहिणीच्या पोटात दुखायचं. घरात म्हणायचे, बायकांचं असं चालायचंच. नवरा म्हणायचा नाटक आहे. दवाखान्यात नेलं तर तिथल्या माणसानं न तपासताच गॅसच्या गोळ्या दिल्या. बहीण शहाणी, कोणाला त्रास नको म्हणून तोंड दाबून स्वयंपाक करायची. कळलं तेव्हा काही करण्यासारखं उरलं नव्हतं. "ओरडली असती तर वाचली असती," आपा म्हणाल्या, "पण ओरडणारीले बी कोणी चांगलं म्हणत नाही." एवढंच. हुक लावून झालं, त्यांनी दोरा दातानं तोडला आणि ब्लाउज माझ्या हातात दिला. पुन्हा त्या विषयावर त्या कधी बोलल्या नाहीत.

काबरीचा पाय बरा झाला. तेव्हापासून गल्लीत आपांना कोंबडीची डॉक्टरीण म्हणायला लागले. चेष्टेनं. आपांना ते अजिबात आवडायचं नाही, कारण डॉक्टरीण त्या नव्हत्या आणि हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. ते त्यांना कसं कळलं, तीही एक गोष्ट आहे.

एकदा कुत्र्यानं एका कोंबडीला पाठीवर धरलं. डॉक्टर दुसऱ्या गावी होते, फोन लागेना. आपा औषधाच्या दुकानात धावल्या. दुकानदारानं मागं वळूनही न पाहता रऊफभाई गुडघ्यासाठी घेत त्याच गोळ्या काढल्या आणि अर्धी द्या, काही होत नाही, असं सांगितलं. आपांनी अर्धी गोळी पाण्यात विरघळवून दिली. कोंबडी दुसऱ्या दिवशी मेली. डॉक्टर आले तेव्हा त्यांनी स्वच्छ सांगितलं, की जखमेनं मेली की गोळीनं, हे आता सांगता येणार नाही. पण माणसाचं औषध अंदाजानं कोंबडीला कधीही द्यायचं नाही. जीव केवढा, गोळी केवढी.

आपा तडक दुकानात गेल्या. मी पोस्टातून घरी येत होते, गर्दी दिसली म्हणून थांबले. दुकानदार म्हणत होता, कोंबडीच तर होती आपा, एवढं काय. आपांचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून तो जास्त ऐकू येत होता.

"कोंबडी होती म्हणून तू तोंडाले येईन ते सांगतलं. तुले माहीत नव्हतं तर माहीत नाही म्हणाचं. तेवढं म्हणाले काय लागते? मी तुह्या भरोशावर दिली. मारली तर मी बी. पण मी घरी जाऊन रडून राह्यली, अन् तू इथं हसून राह्यला."

दुकानदाराचं हसू गेलं. त्यानं पुन्हा तसं कोणाला सांगितलं नाही असं म्हणायला मी तयार नाही. पण आपा दुकानासमोरून गेल्या की तो काउंटरखाली काही तरी शोधायला लागायचा, हे मी स्वतः पाहिलं आहे.

आता एका फिरत्या दवावाल्याचं सांगते. 

उन्हाळ्याच्या तोंडाला आमच्याकडे कोंबड्यांत मानमोडी येते. कोंबडी सुस्तावते, हिरवट हगते, मान पिळवटते, पाय ओढते आणि जाते. तिच्यावर औषध नाही. आधी लस द्यायची, एवढाच उपाय. त्या वर्षी गल्लीच्या खालच्या टोकाला दोनचार कोंबड्या गेल्या आणि लगेच एक माणूस मोटरसायकलवर उगवला. हॅंडलला बॅग, खिशाला पेन, बोलण्यात डॉक्टरी. इंजेक्शन दिलं की मानमोडी बरी होते, म्हणाला. लोकांनी त्याला हाका मारून घरात नेलं. सरकारी डॉक्टर तीन ठिकाणी वाटलेला, हा तर दारात आलेला.

खालच्या टोकाला सुमन टेकाम राहायची. नवरा वारल्यावर मजुरी करून दोन मुली वाढवणारी, बोलायला मऊ. तिच्याकडच्या कोंबड्या चांगल्या तेजदार होत्या. अंडी विकून मुलींच्या वह्या-पुस्तकांचं ती भागवायची. तिच्या एकाही कोंबडीला काही झालेलं नव्हतं. दवावाला म्हणाला, होण्याआधीच टोचून घे. शेजारच्या आजारी कोंबड्यांना टोचलेली सुई त्यानं तशीच तिच्या कोंबड्यांना टोचली. न उकळता, न बदलता.

चार दिवसांत सुमनचं अंगण रिकामं झालं. मी गेले तेव्हा ती दारात बसली होती आणि शेवटची कोंबडी तिच्यासमोर मान उलटी करून गोल गोल फिरत होती. सुमन रडत नव्हती. मला म्हणाली, "मीच बोलावलं ना ताई त्याले." त्या माणसाचा राग करायचंही तिला सुचलं नव्हतं. दोष स्वतःकडे घेऊन ती मोकळी झाली होती. मला वाटतं, अशा माणसांचा धंदा याच्यावरच चालतो.

कळताच आपा आल्या; आधी त्यांनी त्या कोंबडीची तडफड रऊफभाईंकडून तिथल्या तिथं संपवली. मेलेल्या कोंबड्या लांब खोल खड्ड्यात पुरून वर चुना टाकायला लावला, कोणाला खाऊ दिल्या नाहीत. आणि मग वाट पाहत बसल्या. तो परत येणार, याची त्यांना खात्री होती. वरच्या घरांच्या कोंबड्या अजून जिवंत होत्या.

तो आला. आपांनी त्याला ओसरीत बोलावलं, चहा दिला. बाटलीत काय आहे ते विचारलं. तो इंग्रजी नावं बोलायला लागला. आपांनी बाटली मागितली; तिच्यावरचा कागद खरवडलेला होता. सुई कितीदा बदलतो ते विचारलं. तो म्हणाला, कोंबडीला कायची नवी सुई. तेव्हा आपांनी त्याच्या हातातून बॅग घेतली, खुर्चीवर ठेवली आणि तिच्यावर बसल्या.

"डॉक्टरसाहेबाले फोन केला आहे," त्या म्हणाल्या. "थे येऊन बाटली पाहतीन. चांगली असन तर तुही बॅग तुले, अन् वरून मी माफी मागन."

तो आधी हसला, मग चिडला, मग गयावया करायला लागला. बाईच्या अंगाला हात लावून बॅग ओढायची त्याची छाती झाली नाही, कारण एव्हाना गल्ली गोळा झाली होती. उईके डॉक्टरांची मोटरसायकल वळणावर दिसली तसा तो बॅग सोडून पळाला. डॉक्टरांनी बाटल्या पाहिल्या, जाडजूड बोथट झालेली ती एकुलती सुई पाहिली. म्हणाले, रोग घरोघरी यानंच वाटला, आणि वरून त्याचे पैसे घेतले.

तक्रार झाली. डॉक्टरांनी वर कळवलं, आपांनी पोलिसात जाऊन सांगितलं. तिथं त्यांना विचारलं गेलं, की माणूस मेला काय? नाही? मग कोंबड्यांसाठी कुठं हिंडता या वयात. पुढं काही झालं नाही. काही महिन्यांनी वणीकडून आलेल्या आपांच्या गिऱ्हाइकानं सांगितलं, तसाच एक माणूस तिकडं फिरतो आहे, बॅग नवी आहे. ते ऐकून आपांनी मशीनचं चाक हातानं थांबवलं.

पण त्यांचा राग नुसता बसून राहणारा नव्हता. साथ ओसरल्यावर त्या लस मागायला दवाखान्यात गेल्या, मी सोबत. तिथं नवीनच अडचण कळली. मानमोडीच्या लशीची बाटली शंभर कोंबड्यांची येते. एकदा उघडली की थोड्या वेळात संपवावी लागते, उरलेली फेकून द्यावी लागते. त्यामुळे कोणाच्या पाचदहा कोंबड्यांसाठी बाटली उघडत नाहीत. मोठ्या फार्मवाल्यांना मिळते. जिच्या अंगणात आठ कोंबड्या आहेत तिला मिळत नाही, आणि गावोगावी कोंबड्या तर आठआठनंच असतात.

"म्हणजे शंभर असल्या तर जगाचं, आठ असल्या तर मराचं," आपा म्हणाल्या.

डॉक्टर खाली पाहत म्हणाले, "आपा, मी नियम केला नाही. तुम्ही शंभर गोळा करा, मी रविवारी येऊन देतो."

त्यांनी ते बहुधा सुटका म्हणून म्हटलं असावं. आपांनी ते शब्दशः घेतलं. दोन दिवस मशीन बंद. गुडघे दुखत असताना त्या दारोदार फिरल्या. पाटलांच्या घरी, मोहल्ल्यात, तांड्याकडून येऊन राहिलेल्या राठोडांकडे, पोडावरच्या, म्हणजे कोलामांच्या पाड्यावरच्या, बायांकडे. दवावाल्याच्या सुईनं सगळे धास्तावले होते. आता पुन्हा सुई नको, म्हणत. आपा सांगायच्या, सुई नाही, डोळ्यात थेंब आहे. विश्वास नाही बसत तर माझ्या कोंबड्यांना आधी टाकते, पाहा आणि मग द्या. आजारी असेल ती आणू नका. पाटलीणबाई म्हणाल्या, आमच्या कोंबड्या त्या लोकांच्या कोंबड्यांत कशा मिसळायच्या. आपांनी विचारलं, मानमोडी तुमच्या घरी विचारून आली होती काय?

रविवारी सकाळी ऊन तापायच्या आत आपांचं अंगण भरलं. डालग्यांत, पिशव्यांत, पदराखाली, एकीनं तर तान्ह्या पोरासारखी खांद्यावर टाकून कोंबडी आणली होती. बर्फाच्या डब्यातून डॉक्टरांनी बाटली काढली. एकेकीच्या डोळ्यात थेंब. थेंब पडला की कोंबडी डोळा मिटायची, तो आत जाईपर्यंत धरून ठेवायचं. धरायला पुढं कोण बसलं होतं, तर सुमन. तिच्याकडे एकही कोंबडी उरली नव्हती. तिला कोणी बोलावलं नव्हतं. ती आली, पदर खोचला आणि एकेक कोंबडी मांडीवर घेऊन तिची मान अलगद तिरपी करत राहिली. पाटलीणबाईंचीही कोंबडी तिनंच धरली. आपांनी ते पाहिलं आणि चष्मा काढून ओढणीनं पुसला. मला म्हणाल्या, चुन्याची धूळ जाते डोळ्यात. अंगणात चुना कुठंच नव्हता.

पुढच्या उन्हाळ्यात आजूबाजूच्या वस्त्यांत मानमोडी आली, आमच्या गल्लीत कोंबड्या राहिल्या. सुमनला आपांनी खुडूक बसलेल्या तांबडीखाली अंडी उबवून पिल्लं दिली. फुकट नाही घेत म्हणाली, तर तिच्याकडून गणवेशांना काजं करून घेतली. दर काही महिन्यांनी आपांच्या अंगणात तशी सकाळ व्हायला लागली. दवाखान्याच्या अहवालात ते कोणाच्या नावावर गेलं, मला माहीत नाही. आपांनी कधी विचारलं नाही. त्यांचा राग तेवढ्यानं कमी झाला असता, असंही मला वाटत नाही.

काबरी म्हातारी झाली. अंडी बंद झाली होती, पोट फुगत चाललं होतं, चालताना ती बदकासारखी डुलायची. डॉक्टरांनी पोट चाचपून सांगितलं, की आत अंडं साचून बिघाड झाला आहे, ही बरी होणार नाही. पोटातलं पाणी काढून पाहिलं, थोडे दिवस बरं वाटलं. मग नुसतं दुखण्याचं औषध. सकाळ-संध्याकाळ आपा तिला मांडीवर घ्यायच्या आणि थेंबथेंब पाजायच्या. हैदराबादहून मुलगा आला होता. तो चेष्टेत म्हणाला, "अम्मी, इतनी खिदमत तो अब्बा की भी नहीं करती तुम." रऊफभाई हसले. आपा हसल्या नाहीत. म्हणाल्या, तुह्या अब्बाले बोलता येते.

मी एकदा त्यांना त्यांच्याच गुडघ्यांवरून बोलले होते. त्या जिना उतरताना भिंत धरायच्या, उठताना ओठ चावायच्या, पण औषध घेत नसत. मी म्हटलं, कोंबडीचं दुखणं तुम्हाला सहन होत नाही आणि स्वतःचं मात्र दाबता. त्या रागानं माझ्याकडे पाहत राहिल्या. "माहं मले सांगता येते," म्हणाल्या, "तिले येत नाही." मी म्हटलं, सांगता येतं, पण सांगता कुठं?  नंतर त्या माझ्यासोबत गुडघे दाखवायला यवतमाळला आल्या, आणि तिथल्या डॉक्टरनं वर न पाहता वय झालं म्हटलं तेव्हा, वर पाहून सांगा, असं त्याला म्हणाल्या. त्यानं वर पाहिलं. तपासलंही.

काबरीनं दाणा सोडला त्या दिवशी आपांनी उईके डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर म्हणाले, आता औषधानंही तिचं दुखणं थांबणार नाही. आपांनी मान हलवली. शेजारपाजारचे म्हणाले होते, अजून मांस आहे अंगावर. पण औषध दिलेली कोंबडी खाता येत नाही, हे एव्हाना गल्लीतल्या पोरांनाही माहीत झालं होतं. डॉक्टरांनी इंजेक्शन भरलं, नव्या सुईनं. आपांनी काबरीला धरलं, एक हात तिच्या डोळ्यांवर. थोड्या वेळानं तिची मान त्यांच्या मनगटावर सैल पडली.

"आता दुखत नसन ना?" आपांनी विचारलं.

"नाही, आपा."

"बस," त्या म्हणाल्या. "एवढंच पाह्यजे होतं."

त्याच वर्षी माझी पुसदला बदली झाली. सामान आधीच गेलं होतं. निघायच्या दिवशी सकाळी आपांकडे गेले तर त्या घरी नव्हत्या; कापडाचं काही आणायला बाजारात गेल्या, असं रऊफभाईंनी सांगितलं. मन थोडं खट्टू झालं. निरोपाला त्या थांबणाऱ्यातल्या नव्हत्याच, असं म्हणून मी स्टँडवर आले आणि एसटीत बसले.

गाडी बाजाराच्या वळणावर आली आणि अडकली. पुढं हॉर्न वाजत होते. खिडकीतून डोकं काढून पाहिलं. रस्त्याच्या मधोमध एक मोटरसायकल उभी होती. तिच्या हॅंडलला दोन्ही बाजूंनी कोंबड्या पायांनी बांधून उलट्या लटकवलेल्या, चोची उघड्या, पंख लोंबलेले. बाजाराच्या दिवशी असं नेहमीच दिसायचं, मीही नेहमीच पाहत आले होते. मोटरसायकलसमोर आपा उभ्या होत्या. काखेत कापडाचा गठ्ठा, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्या काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही. तो माणूस हात उडवत काही तरी बोलला, मागच्या ट्रकवाल्यानं शिवी दिली, कोणी तरी हसलं. आपांनी कोणाकडेच पाहिलं नाही. गठ्ठा रस्त्यावर ठेवला, गुडघ्यावर हात देऊन वाकल्या आणि सुतळीची गाठ सोडायला लागल्या.

कंडक्टरनं बेल दिली. गाडी कशीबशी कडेनं पुढं सरकली. मी मागच्या काचेपर्यंत गेले. आपांच्या दोन्ही हातांत दोन कोंबड्या होत्या, सरळ धरलेल्या, डोकी वर. तिसरी त्यांनी त्या माणसाच्याच हातात दिली होती, आणि तो भर रस्त्यात, तिला छातीशी धरून, कोणाकडे टोपली मिळते का ते पाहत उभा होता.